आजोबा पडद्यावर का चढतात

"डॉक्टर, आमचे आजोबा शी करून आले की घरभर धावत सुटतात, सोफ्यावरून उडी मारतात आणि थेट पडद्यावर चढतात. असं का होतं?"

हा प्रश्न मी शाळेच्या गच्च भरलेल्या सभागृहात, हातात माईक घेऊन, खणखणीत आवाजात विचारला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी फुस्सकन हसलं आणि अख्खं सभागृह फुटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या चिडल्या की असं करतात.

पैज भोंगा आणि शंका या माझ्या दोन मैत्रिणींची होती. भोंगा कुजबुजली तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जातं, म्हणून ती भोंगा. आणि शंकेला सगळ्यावर शंका असते, अगदी वेळापत्रकावरसुद्धा. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई शाळेत बोलायला येणार हे कळल्यावर दोघींनी मला घेरलं होतं. "विचारून दाखव. पण 'मांजर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि हसायचं नाही."

आता सांगते. आजोबा म्हणजे आमचा बोका. जन्मला तोच पांढऱ्या मिशा, पांढऱ्या भुवया आणि जगाला कंटाळल्यासारखा चेहरा घेऊन. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. आणि एकदा आजोबा म्हटल्यावर अरेतुरे करायचं कसं? त्यामुळे आमच्या घरात आजोबा जेवतात, आजोबा आळस देतात, आजोबा कपाटावरून पडतात.

डॉक्टरीणबाई मात्र भारी निघाल्या. त्या हसल्याच नाहीत. गंभीरपणे विचारलं, "आजोबांचं वय काय?"

"दोन वर्षं."

"मिशा?"

"पांढऱ्या. जन्मापासून."

"शेपूट?"

"झुबकेदार."

मग त्यासुद्धा खुदकन हसल्या. "तुझे आजोबा ठणठणीत आहेत, बाळ. दिवसभर झोपणारा शिकारी आहे तो. शिकार तर नाही, मग अंगात साठलेली ताकद जाणार कुठे? ती एकदम उसळते. कधी पोट हलकं झालं म्हणून, कधी आंघोळ घातली म्हणून. बहुतेक वेळा पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, कारण तीच त्यांची शिकारीची वेळ. पण प्रत्येक घरात ठिणगी वेगळी असते. तू त्यांचं धावणं बघत बसू नकोस. धावायच्या आधी घरात काय होतं, ते बघ."

मी खाली बसले तेव्हा भोंगेने माझ्या पाठीत एवढ्या प्रेमाने बुक्का मारला की मला खोकलाच आला. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर' इतक्या हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. यंदा शाळेच्या सामन्याला बदली खेळाडू म्हणून गेले आणि पंचांशी भांडून आपल्या बाजूने निकाल घेऊन आले. तेव्हा कळलं की आपल्याला आवाज आहे. इतकी वर्षं तो घरी कपाटात ठेवला होता, इतकंच.

कपाटाचं सांगते. कारण पैज मैत्रिणींची असली तरी प्रश्न माझा खराच होता, आणि उत्तर मला रविवारच्या आत हवं होतं.

तुम्ही कधी उंच इमारतीच्या लिफ्टने गेला असाल, तर माझ्या आईशी तुमची भेट झालेली असू शकते. 'दरवाजा बंद होत आहे. कृपया दूर उभे राहा.' ती माझी आई. रांगेत उभं राहून जीव मेटाकुटीला आला की 'आपला क्रमांक लवकरच येईल' अशी थाप जी मारते, तीही माझीच आई. हे सगळं ती आमच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात बसून बोलते. स्वेटर, कोट, जाड चादरी यांच्या मधोमध एक स्टूल, आणि हँगरच्या दांडीला लटकलेला माईक. कपडे आवाज पिऊन टाकतात, असं ती म्हणते.

आमच्या खाली एका काकांचं वेल्डिंगचं दुकान आहे. दिवसभर ठाणठाण, चर्रर्र. त्यामुळे आईचं काम सुरू होतं ते संध्याकाळी, काकांचं शटर खाली आलं की. शटर पडल्याचा आवाज आला रे आला की आमच्या घरात कवायत सुरू होते. बाबा फ्रिजची पिन काढतात. मी पंखे बंद करते. दाराची बेल बंद. भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून रजईत गुंडाळायचं. गळक्या नळाला फडकं बांधायचं. मग आई बोट ओठांवर ठेवून सगळ्यांकडे एकदा बघते, कपाटात शिरते, आणि बाबा नि मी सोफ्यावर दगडासारखे बसतो. आईचा हुकूम एकच: "आजोबांवर लक्ष ठेवा."

आम्ही ठेवतो. डोळ्यांत तेल घालून ठेवतो. आणि तरीही रोज, आईचं दुसरं नाहीतर तिसरं वाक्य चालू असताना, आजोबांचे कान मागे जातात, पाठीवरची कातडी थरथरते, डोळे काळेभोर होतात आणि... सुटले! सोफा, टेबल, भिंत, पुन्हा सोफा, पडदा. फरशीवर थडथडथड असा आवाज होतो, जणू एखादं घोड्याचं पोर पाळलंय.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतात, तिथे त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. इतकी वर्षं तो दाबून दाबून त्यांच्या पायाला सवयच लागली आहे. आजोबा सुटले की बाबा सोफ्यावर बसल्या बसल्या उजवा पाय फरशीवर दाबतात. आजोबा काही थांबत नाहीत.

"मग कोंडून का नाही ठेवत?" असं शंका विचारतेच. ठेवलं होतं. आजोबांनी असा गळा काढला की वरच्या मजल्यावरच्या आज्जी, खऱ्या आज्जी, "कोण गेलं हो?" म्हणत खाली आल्या.

तर यावेळी आईला मोठं काम मिळालं होतं. एका भल्यामोठ्या इमारतीच्या सगळ्या लिफ्ट, सगळे मजले, आणीबाणीच्या सूचनांसकट. तिने पाठवलेलं पहिलं रेकॉर्डिंग परत आलं. लिफ्टवाले साहेब फोनवर म्हणाले, "बाई, तुमचा आवाज फारच छान. पण 'दरवाजा बंद होत आहे'च्या मागे कोणीतरी लिफ्ट पकडायला धावत येतंय. आमच्या माणसाने लिफ्टमध्ये ऐकता ऐकता बटण दाबून दार धरून ठेवलं." सोमवारी स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालं नाही तर ते दुसरा आवाज बघणार होते.

आईने फोन ठेवला.

मग बाबांनी हळूच त्यांच्या मित्राचं नाव काढलं. कागदवाले काका. त्यांचं कागदाच्या रिळांचं गोदाम आहे आणि तिथे उंदरांनी उच्छाद मांडलाय. "रविवारी तो टोपली घेऊन येईल," बाबा म्हणाले. "तिथे आजोबांना धावायला भरपूर जागा आहे गं."

"आणि झोपायला?" मी विचारलं. "आजोबांना उशी लागते. आणि उंदीर? बाबा, ते झुरळ आलं तर बाजूला होऊन त्याला वाट देतात!"

"शिकतील. माझ्याकडे तर लोक गाडी शिकतात."

विनोद होता. कोणी हसलं नाही. आजोबा आईच्या मांडीवर झोपले होते आणि आई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही ते नको होतं, हे मला दिसत होतं. पण तिला तिचा आवाजही हवा होता.

म्हणून तर पैज मी एका पायावर स्वीकारली होती.

*

शुक्रवारी शाळा सुटल्यावर भोंगा आणि शंका माझ्या घरी आल्या. माझं म्हणणं होतं की सगळा घोळ शीचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, पोट हलकं झालं की उसळी येते. म्हणजे आईचं काम सुरू व्हायच्या आत आजोबांचं पोट हलकं झालं की प्रश्न मिटला. साधं, सरळ गणित.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात त्यांची वाळूची परात असते. आम्ही तिघी दारात ओळीने उकिडव्या बसलो आणि वाट बघू लागलो. आजोबा आले. त्यांनी परातीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, बसले, आणि पंजा चाटू लागले.

"या, आजोबा, या," मी म्हटलं.

"अगं, आपण अशा बसल्यावर त्यांना होईल का?" भोंगा कुजबुजली, म्हणजे ओरडली. "तुला तरी होईल का?"

"मला शंका आहे," शंका म्हणाली, "की ते मुद्दाम करताहेत."

आम्ही मागे सरकलो. दाराआडून बघितलं. डोळे मिटून बसलो. भोंगेने नळ थोडासा सोडून बघितला, लहान बाळांना सोडतात तसा. आजोबा नळाचं पाणी प्यायले आणि जाऊन उशीवर झोपले.

खाली शटर पडलं. कवायत झाली. आई कपाटात शिरली. आम्ही तिघी आणि बाबा सोफ्यावर दाटीवाटीने दगड होऊन बसलो, चौघांचे डोळे आजोबांवर.

आजोबा उठले. परातीत गेले. खरखर वाळू उकरली. आणि बाहेर आले ते तोफेतून सुटल्यासारखे.

पुढचं इतक्या भराभर झालं की मी ते तुकड्यातुकड्यांनीच पाहिलं. टेबल. शंकेचं डोकं. बाबांचा पाय फरशीवर, पुन्हा फरशीवर. पडदा, कडीसकट खाली. भोंगेची किंकाळी, आणि भोंगेची किंकाळी म्हणजे काय ते मी वेगळं सांगत नाही. आणि तिथून आजोबा थेट झोपायच्या खोलीत, कपाटाच्या किलकिल्या दारातून आत. आतून आईचा मधाळ आवाज आला, "दरवाजा बंद होत... अगं आई गं!" मग हँगर पडल्याचा खणखणाट.

आई बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर एक लोकरी टोपी होती, तिची नव्हे, बाबांची. आजोबा तिच्या खांद्यावर होते, एकदम शांत, जणू बसची वाट बघताहेत. तिने त्यांना अलगद खाली ठेवलं. टोपी काढली.

"रविवारी," ती बाबांना म्हणाली. "नक्की या म्हणावं त्यांना."

मला हसू आणि रडू एकाच वेळी आलं.

मी दोघींना पोचवायला खाली निघाले. दाराबाहेर पाऊल पडलं आणि मी जी सुटले! कठड्याला धरून गर्रकन वळत, दोन-दोन पायऱ्या टाकत, शेवटच्या वळणावर चक्क उडी मारून, मध्येच उगाच "हुर्रर्र" करून. खाली पोचले तेव्हा धाप लागली होती आणि बरं वाटत होतं. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं.

शंका मागून एकेक पायरी उतरत आली आणि मला आपादमस्तक न्याहाळत उभी राहिली. "तू रोज अशीच उतरतेस?"

"अशीच म्हणजे?"

"शेपूट नाही, एवढाच फरक."

भोंगा खो-खो हसली. पण मी हसले नाही. कारण हो, मी रोज अशीच उतरते. आईचं काम झालं की कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून निघते आणि अशीच धावते. आधी काय झालेलं असतं? आधी मी न हलता, न खोकता, न खाजवता बसलेली असते.

धावायच्या आधी घरात काय होतं ते बघ.

मी दोघींना तिथेच सोडून परत वर धावले. बाबा अजून सोफ्यावरच होते. आजोबा समोर उशीवर पडले होते, आणि आता ते पुन्हा काय करतात या भीतीने बाबा त्यांच्याकडे बघत होते. मी का कोण जाणे, जमिनीवर पालथी पडले. हनुवटी फरशीला टेकवली, आजोबांच्या शेजारी, त्यांच्या उंचीवर. आणि तिथून बाबांकडे पाहिलं.

बाप रे!

मान पुढे. पाठ वाकलेली. हात गुडघ्यांवर रोवलेले. डोळे गोल, पापणी लवत नाही. अंगाचा एक केसही हलत नाही. मी हे सोंग पूर्वी पाहिलं होतं. खिडकीबाहेर चिमणी बसली की आजोबा नेमके असेच बसतात. त्यानंतर काय होतं? झडप!

"बाबा," मी जमिनीवरूनच म्हटलं, "तुम्ही इथून बोका दिसता."

"आभारी आहे."

"नाही, खरंच! आपण सगळे बोके दिसतो! आपण अचानक सगळं बंद करतो, फ्रिज, पंखे, घड्याळ. आणि मग दबा धरून बसतो. रोज, तिन्हीसांजेला, त्यांच्या शिकारीच्या वेळी! दिवसभर झोपून ताजे झालेले ते, आणि समोर अख्खं घर त्यांच्यावर डोळे रोखून बसलेलं. ते काय समजणार? खेळ सुरू झाला! आता कोणीतरी झेपावणार! आणि आपण कोणीच झेपावत नाही म्हटल्यावर ते बिचारे स्वतःच सुरुवात करतात."

बाबांनी सावकाश पापण्या मिटल्या आणि उघडल्या. आजोबांनीही मिटल्या, उघडल्या, आणि कुशीवर वळले. दोघांनाही हायसं वाटलेलं दिसलं.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे चूक आमची?"

"आपली," मी म्हटलं. "लक्ष ठेवा म्हणून तू सांगतेस, लक्ष ठेवतो आम्ही, आणि लक्ष ठेवलं की ते सुटतात."

"आणि शी?"

"शी ही वरची फोडणी. आई, मला उद्याचा एक दिवस दे. फक्त उद्याचा. नाही जमलं तर रविवारी मी स्वतः त्यांना टोपलीत ठेवीन."

हे मी बोलून गेले खरी. पण शब्द गेला तो गेला.

*

शनिवारी दुपार उतरायला लागली आणि खाली वेल्डिंगचा दणदणाट ऐन भरात होता, तेव्हा मी सुरुवात केली. खाली इतका आवाज असताना आमचा कोणाला ऐकू येणार! धूळ झटकायच्या पिसाऱ्याला लांब दोरी बांधली आणि आजोबांच्या नाकासमोरून सरपटवत नेली. एक कान हलला. दुसरा कान हलला. ढुंगण डावीकडे-उजवीकडे झालं, आणि आजोबा निघाले.

बाबा आधी नुसते बघत होते. मग म्हणाले, "नुसतं सरळ काय पळवतेस? वळणं हवीत." आणि चक्क खाली जाऊन गाडीतून लाल शंकू घेऊन आले, शिकाऊ लोकांना नागमोडी गाडी चालवायला मांडतात ते. व्हरांड्यापासून स्वयंपाकघरापर्यंत ओळ मांडली. मी पिसारा घेऊन शंकूंमधून धावत होते, आजोबा माझ्यामागे, आणि बाबा आमच्यामागे ओरडत, "वळण हळू घ्या! आरशात बघा! अहो आजोबा, शंकू पाडलात, नापास!"

मी मध्येच पिसारा खुर्चीमागे लपवायचे. आजोबा दबा धरायचे, जमिनीला चिकटून, कान आडवे. मग झडप. आणि प्रत्येक वेळी नाही, पण अधूनमधून मी त्यांना पिसारा खरंच पकडू द्यायचे. शिकार हाती लागलीच नाही तर खेळाला अर्थ काय? शेवटी त्यांनी पिसाऱ्याला असं धरलं, मागच्या पायांनी असं झोडपलं की पिसं उडाली. मग ते आडवे झाले आणि पोट भात्यासारखं हलायला लागलं. मी लगेच त्यांची ताटली पुढे केली. शिकार झाली, आता जेवण. जेवले. मग सावकाश तोंड धुतलं, कानामागे धुतलं, शेपूटही धुतलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदर नव्हता म्हणून तोंडावर हाताचा पंजा धरून. तिचे खांदे हलत होते.

"हसतेयस," मी म्हटलं.

"घसा साफ करतेय," ती म्हणाली.

फ्रिज, पंखे, घड्याळ हे सगळं मी दंगा चालू असतानाच एकेक करून बंद करून टाकलं होतं. शांतता एकदम अंगावर कोसळायला नको. शटर खाली आलं तेव्हा आमच्याकडे वेगळं काही घडलंच नाही. बाबांना मी गुंता झालेली दोरी सोडवायला दिली. मी चित्र काढायला बसले. आणि ताकीद दिली: "आजोबांकडे कोणीही बघायचं नाही. ते घरात नाहीतच असं समजायचं."

आई कपाटात गेली. "तळमजला," तिचा आवाज आला. "पहिला मजला." आजोबांचा आवाज नाही. मला बघावंसं वाटत होतं, इतकं की मान आखडली. बाबांनी दोनदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून चोरून पाहिलं, मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आणि तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. कागदवाले काका! रविवारी यायचे ते शनिवारीच आले होते, टोपली घेऊन. मी बाणासारखी दाराशी गेले, ते दार ठोठावणार एवढ्यात उघडलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. काका जाडजूड आहेत पण मनाने मऊ. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत सोफ्यावर येऊन बसले. "या बाजूला टेम्पो आला होता," ते श्वासातल्या श्वासात म्हणाले. "म्हटलं, आजच नेतो."

टोपली त्यांनी जमिनीवर ठेवली. आत मऊ पोतं अंथरलेलं होतं.

आता पुढे जे झालं ते ऐका. आजोबा उठले. टोपलीपाशी गेले. हुंगलं. एक पाय आत, दुसरा पाय आत, गोल फिरले, आणि टोपलीत अंगाची मुटकुळी करून झोपले. स्वतःहून! काकांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. तयार आहेत की!

मी काय करणार? ओरडता येईना, टोपली रिकामी करता येईना. गद्दार, मी मनात म्हटलं. पिसारा फुकट गेला माझा.

"सातवा मजला," आई म्हणत होती. "आठवा मजला." मग ती लांब वाक्यांवर आली. "आणीबाणीच्या वेळी घाबरून जाऊ नये. लाल बटण दाबून..."

घर्रर्रर्रर्र.

मी दचकले. बाबांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. आवाज घरघरत वर चढला, शिट्टी वाजली, आणि पुन्हा खाली आला.

कपाटाचं दार धाडकन उघडलं. "बास!" आई बाहेर आली, मानेभोवती स्वेटरची बाही. "आता घोरायलाही लागले! बोलवा काकांना! न्या म्हणावं यांना आत्ताच्या आत्ता!"

मी बोटाने टोपलीकडे दाखवलं. आजोबा निपचित झोपले होते, तोंड मिटलेलं, शेपूट नाकावर. मग मी बोट सोफ्याकडे वळवलं. दिवसभर कागदाची रिळं चढवून-उतरवून थकलेले कागदवाले काका, हातात चपला, मान मागे, तोंड सताड उघडं.

घर्रर्रर्र. शिट्टी.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग टोपलीकडे बघितलं. मग तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं आणि ती जी हसत सुटली, कपाटात जपून ठेवलेला तो मधाळ आवाज विसरून, अगदी गडगडाटी, वरच्या आज्जींनाही ऐकू जाईल असं. मी तिला असं हसताना कधी ऐकलंच नव्हतं. भोंगाही फिकी पडली असती.

काका खाडकन जागे झाले. "मी जागाच आहे! कुठेय मांजर?"

"तुमच्यापेक्षा शहाणे आहेत ते," आई डोळे पुसत म्हणाली.

बाबा काकांना घेऊन जिन्यावर जाऊन बसले. आईने आणीबाणी पहिल्यापासून पुन्हा म्हटली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकलं, कान टवकारून. तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत, लाल बटणासकट, कोणीही कुठेही धावत नव्हतं. आजोबा टोपलीत कूस बदलून तोंडभर जांभई देऊन पुन्हा झोपले.

काकांनी डोकं खाजवलं. "मग ही टोपली मी भरलेली न्यायची की रिकामी?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. "एका दिवसावरून कसं सांगायचं," आई पुटपुटली, पण तिचा हात आधीच टोपलीत गेला होता, आजोबांच्या कानामागे. "रोज कोण एवढा खटाटोप करणार? शंकू काय, पिसारा काय..."

मी उठून उभी राहिले. सभागृहात उभी राहिले होते तशीच. फक्त यावेळी पैज कोणी लावली नव्हती.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. आजोबा कुठेही जाणार नाहीत. काका, टोपली ठेवून जा, त्यांना आवडली आहे. रोज शाळेतून आल्यावर, खाली वेल्डिंग चालू असेपर्यंत, या घरात दंगा होणार. मोठ्याने. मी धावणार, आजोबा धावणार, आणि आई, आज हसलीस ना, तशी तूही रोज एकदा हसणार. मग तू खुशाल कपाटात जा, आमच्यापैकी कोणी हूं की चूं करणार नाही. पण आधी दंगा. आणि बाबा, तुम्हीही धावायचं. ब्रेक न दाबता."